आधी पुसा, मग मोजा

२ मार्च १९९८, सोमवार

गेज पुरवणाऱ्या कंपनीने दिलेली ही डायरी दोन महिने कपाटात पडून होती. आज काढली, कारण आज माझ्याच हातात रिजेक्शनचा कागद पडला.

कंपनीत वार्षिक तपासणी होती. बीपी पास, साखर पास, डोळे पास, वजन किंचित ओव्हरसाइज. शेवटच्या रकान्यात डॉक्टरांनी लिहिलं, 'हिरड्यांना सूज, रक्त येते, दातांच्या डॉक्टरांना दाखवणे.' अंबडच्या या कारखान्यात मी बावीस वर्षं शाफ्ट तपासतोय. केसाच्या दहाव्या हिश्शाइतका फरक असला तरी लाल चिठ्ठी बांधून जॉब परत पाठवतो. आता माझ्याच तोंडाला लाल चिठ्ठी लागली. डॉक्टरांना बहुतेक सर्दी झाली असावी. मला 'आ करा' म्हणाले आणि लगेच नाकाला रुमाल लावला. माझ्याआधी आमच्या सेक्शनच्या गोटीरामला तपासताना मात्र चांगले होते.

ब्रश करताना लाल येतं, हे मला ठाऊक होतं. मी तो पेस्टचा रंग समजत होतो. पेस्ट पांढरी आहे, हे आज बायकोने, प्रतिभाने, लक्षात आणून दिलं.

पण खरी काळजी दुसरीच आहे. सृष्टी, म्हणजे आमच्या रोशनीची मुलगी, तीन महिन्यांची झाली तरी माझ्या मांडीवर टिकत नाही. आज स्टॉपवॉच लावलं. अकरा सेकंद, मग जे भोकाड पसरलं ते शेजारच्यांनी चौकशी करीपर्यंत. रोशनी बाळंतपणाला आली ती अजून इथेच आहे. चांदवडला तिच्या सासरी कांदा काढणी चालू आहे, घरभर धूळ आणि माणसं, म्हणून जावई ललितराव म्हणाले, आखाजी होईपर्यंत राहू द्या. अक्षय्य तृतीया एप्रिलअखेर, म्हणजे माझ्या हातात दोन महिने आहेत. नात मला न ओळखताच गेली तर पुढे मी तिच्यासाठी नाशिकचा एक म्हातारा एवढाच उरेन, आणि ते मला सहन होणार नाही. टार्गेट लिहून ठेवतो: आखाजीपर्यंत माझ्याकडे दहा मिनिटं, न रडता.

६ मार्च, शुक्रवार

निरीक्षणं. सृष्टी प्रतिभाकडे राहते. माझ्या आईकडे राहते, जिच्या तोंडात अष्टौप्रहर मशेरी असते. काल ती दूधवाल्याकडेसुद्धा राहिली. मी तोंड जवळ नेऊन प्रेमाने 'कुक' केलं की ती नाक आक्रसते, मान फिरवते आणि रडते. दोष आढळला की मूळ कारण शोधायचं, हा आमचा नियम. म्हणून जेवताना मी थेट विचारलं की कारण काय असेल.

रोशनीने प्रतिभाकडे पाहिलं. प्रतिभाने वांग्याच्या भाजीकडे पाहिलं. मग ती म्हणाली की मिशी टोचत असेल. रोशनीने घाईघाईने मान हलवली. कारण सापडल्याचं समाधान वाटलं.

९ मार्च, सोमवार

मिशी काढली. सव्वीस वर्षांची होती. वरचा ओठ उघड्यावर पडल्यासारखा वाटतो. कंपनीच्या गेटवर वॉचमनने पास मागितला.

सेक्शनमध्ये कोणी काही बोललं नाही. बोलणार कसं? माझ्या चार फुटांच्या आत कोणी येत नाही. गोटीराम, माझा सगळ्यात जुना ऑपरेटर, रीडिंग सांगायलाही लांबच उभा राहतो. मीटिंगमध्ये माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या असतात. धाक आपोआप येत नाही, तो कमवावा लागतो. सेक्शनच्या भिंतीवर मी स्वतः रंगवून घेतलेली पाटी आहे: आधी पुसा, मग मोजा. तेल-घाण लागलेला जॉब कोणी मापायला घेतला की मी सगळ्यांसमोर त्याची बिनपाण्याने करतो.

सृष्टी: नऊ सेकंद. म्हणजे दोन सेकंदांनी घटच.

मला पाहून प्रतिभा रडवेली झाली. एवढ्यासाठी कशाला काढलीत, म्हणाली. आता हे तिनेच सुचवलं होतं. मग म्हणाली, चष्मा चमकत असेल. बायकांच्या तर्कात सातत्य नसतं.

१५ मार्च, रविवार

पेरू खाल्ला. पेरूवर रक्ताचे डाग पडले. मनातून हादरलो, पण आईसमोर दाखवलं नाही. तरी तिला कळलंच. आई मखमलाबादच्या मळ्यात चाळीस वर्षं झेंडू आणि मेथी काढून नाशिकच्या बाजारात विकत आली आहे, समोरच्याचं तोंड वाचणं तिला जमतं. तिने मीठ-हळद चोळायला लावली, तुरटीच्या गुळण्या दिल्या, मोहरीचं तेल लावलं. माझं तोंड लोणच्याच्या बरणीसारखं झालं.

"डाक्टरकडं जाऊ नको," आई म्हणाली. "ते मशीन लावत्यात, मग दात हालत्यात. माझ्या तोंडात अजून अकरा हायेत, एक बी हालत नाय."

प्रतिभा मात्र एकदम तयार होती. गंगापूर रोडवर दातांच्या कोणी डॉक्टर गायधनी आहेत, त्यांची गुरुवारची वेळ तिने आधीच घेऊन ठेवली होती. नंबर तिच्या पर्समध्येच होता, आणि तो कागद चांगला जुना, घडीवर झिजलेला वाटला. एरवी बँकेत यायला तिला चार दिवस लागतात. माझ्या तब्येतीची तिला फारच काळजी. गेली कितीतरी वर्षं ती माझ्या डब्यात चार वेलदोडे न विसरता ठेवते. मला वेलदोडा मुळीच आवडत नाही, पण तिला कसं सांगणार. रोज गोटीरामला देऊन टाकतो.

१९ मार्च, गुरुवार

डॉक्टर म्हणजे रोशनीच्या वयाची मुलगी निघाली. तोंडाला मास्क, डोळे हसरे. मी मनात म्हटलं, हिने अजून किती तोंडं पाहिली असतील. पण तिने बारीक सळई हातात घेतली आणि माझं मत बदललं. सळईवर मिलिमीटरच्या खुणा होत्या. दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत ती सरकवून बाई आकडे बोलू लागल्या, आणि त्यांच्या मदतनीस नवसाबाई तक्त्यात भरू लागल्या. पाच, सहा, चार, सात. प्रत्येक दाताला सहा ठिकाणी माप. इतकी शिस्त मी आमच्या टूलरूममध्येही पाहिलेली नाही.

तोंड मोकळं होताच विचारलं, लिमिट किती. त्या म्हणाल्या, तीनपर्यंत ठीक. म्हणजे माझा जवळजवळ सगळा लॉट बाद. सळईचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी केलं, हेही विचारलं. हा प्रश्न आजवर कोणी विचारला नव्हता म्हणाल्या.

मग त्यांनी आरसा देऊन समजावलं. दातांवर साचलेली घाण दगडासारखी घट्ट होते, तिला कीटण म्हणतात. ते हिरडीच्या आतपर्यंत जातं, हिरडी सुजते, तिथून रक्त येतं, आणि आतलं हाड हळूहळू झिजतं. नुसतं घासून ते निघत नाही. आधी वरचं काढायचं, मग इंजेक्शन देऊन चार टप्प्यांत आतलं. आणखी काही त्रास, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही. प्रतिभा काहीतरी बोलायला गेली आणि थांबली.

२३ मार्च, सोमवार

कामाआधीचं माप हवं, म्हणून सकाळीच घरी घेऊन ठेवलं. फीलर गेज वापरलं. तो पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो, दोन भागांमधली फट मोजायचा. चहाच्या पातेल्यात उकळून घेतला, त्यावरून घरात बोलणी खाल्ली. खालच्या पुढच्या सहा दातांत सगळ्यात पातळ पट्टीसुद्धा कुठेच शिरली नाही. भिंतीसारखं काम.

संध्याकाळी सफाई झाली. मशीनच्या टोकातून पाणी उडतं आणि कवटीत कोणीतरी भांडी घासतंय असा आवाज येतो. मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. नवसाबाई म्हणाल्या की काका, खुर्ची कुठं जात नाही.

२४ मार्च, मंगळवार

अनर्थ झाला. सकाळी जीभ फिरवली तर दातांत फटी. लगेच गेज लावलं. पूर्वी जिथे काहीच जात नव्हतं तिथे आज पॉइंट चाळीसची पट्टी आरपार गेली. बाईंनी माझे दात घासून बारीक केले आहेत. गार पाणी प्यायलो तर डोक्यापर्यंत कळ गेली. आई मशेरी लावता लावता माझ्याकडे पाहत बसली.

मालात दोष आढळला की पुरवठादाराला जो फॉर्म पाठवतात तो मी आज तीन प्रतींत भरला. भाग: खालचे पुढचे दात, नग सहा. दोष: मटेरियल जादा काढले. अपेक्षित कारवाई: भरून द्यावे.

२६ मार्च, गुरुवार

फॉर्म घेऊन गेलो. सही करून घ्यायला पेनही नेला होता. डॉक्टर गायधनींनी तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. हसू आलं असेल तर मास्कच्या आत राहिलं. नवसाबाई मात्र आतल्या खोलीत निघून गेल्या.

बाईंनी एक कागदाची पुडी माझ्या हातावर ठेवली. माझ्याच तोंडातून निघालेले पिवळे-काळे दगड, त्यांनी मला दाखवायला जपून ठेवले होते. एकेक तुकडा दोन दातांमधल्या खाचेच्या आकाराचा.

"काका, तुमच्या कंपनीत जॉबवर घाण असताना माप घेतलेलं चालतं का?" त्यांनी विचारलं.

मला समोर भिंत दिसत होती आणि भिंतीवर माझी पाटी. बावीस वर्षं मी ज्या चुकीसाठी लोकांची अब्रू काढली, ती मी स्वतःच्या तोंडात केली, आणि तीही तीन प्रतींत. फट आधीपासून होती, सुजलेली हिरडी आणि कीटण तिच्यात ठाण मांडून बसलं होतं. सूज उतरली की थोडी फट दिसेल, थोडे दिवस गार लागेल, घाबरू नका, असं त्या म्हणाल्या. मी फॉर्मच्या तिन्ही प्रती फाडल्या. त्या म्हणाल्या, एक आम्हाला ठेवायला द्या ना. दिली नाही.

२७ मार्च, शुक्रवार

पुडीतला सगळ्यात मोठा तुकडा कंपनीत नेऊन मायक्रोमीटरवर मोजला. एक पॉइंट ऐंशी मिलिमीटर. गोटीराम चार फुटांवरून बघत होता. "साहेब, कुठल्या व्हेंडरचा माल हाय?" त्याने विचारलं. घरचा, म्हणालो.

२८ मार्च, शनिवार, पाडवा

सकाळी कडुनिंबाचा पाला निमूट चावला. दुपारी फ्रिजमधलं गार श्रीखंड. पहिल्याच घासाला खुर्चीवरून उठून उभा राहिलो. रोशनीला वाटलं मी भाषण करणार.

सृष्टी: एकवीस सेकंद. पाडव्यामुळे असेल.

९ एप्रिल, गुरुवार

आतली सफाई सुरू झाली. आज उजवी बाजू, इंजेक्शन देऊन. अर्धा चेहरा बधिर. घरी आलो तर ओठ एका बाजूला लोंबत होता आणि चहा कॉलरमध्ये गेला. सृष्टी माझ्याकडे टक लावून बघत राहिली आणि खुदकन हसली. पहिल्यांदा. स्टॉपवॉच लावायचं भान राहिलं नाही, अंदाजे चाळीस सेकंद. तोंडाची कळ विसरलो, डोळ्यांत पाणी आलं. इंजेक्शनमुळे.

१८ एप्रिल, शनिवार

दोन टप्पे झाले. बाईंनी ब्रश धरायलाही शिकवलं. एकोणपन्नासाव्या वर्षी. मी भिंत रंगवल्यासारखा आडवा घासत होतो. आता हिरडीपासून दाताच्या टोकाकडे, मऊ ब्रश, आणि फटींत बारीक दोरा. रक्त येणं जवळजवळ थांबलंय.

पण कंपनीत माझा दरारा उतरणीला लागलाय, हे लिहून ठेवलं पाहिजे. गोटीराम आज रीडिंग द्यायला थेट टेबलापर्यंत आला आणि माझ्या खांद्यावरून ड्रॉइंगमध्ये वाकून पाहू लागला. त्याच्या तोंडाला वेलदोड्याचा छान वास येतो, हे इतक्या वर्षांत मला माहीत नव्हतं. मीटिंगला डिस्पॅचचे साहेब माझ्या शेजारी बसले, वर कानात विनोद सांगितला. मिशी गेली आणि वजन गेलं. दुसरं काही कारण दिसत नाही.

२२ एप्रिल, बुधवार

आणखी एक घट. सोमवारपासून डब्यात वेलदोडे नाहीत. आधी वाटलं विसरली असेल. आज विचारलं, तर प्रतिभा म्हणाली आता कशाला. दहा-बारा वर्षांची माया अशी एकाएकी आटते कशी? गोटीरामही हिरमुसला आहे.

दुसरीकडे, ती पूर्वी भिंतीकडे तोंड करून झोपायची. पंख्याचं वारं सोसत नाही म्हणायची. आता माझ्याकडे तोंड करून झोपते. पंखा तोच, स्पीडही तोच. कशाचा मेळ कशाला लागत नाही.

सृष्टी: दोन मिनिटं दहा सेकंद.

२७ एप्रिल, सोमवार

चौथा टप्पा संपला. डॉक्टर गायधनींनी सांगितलं, दर तीन महिन्यांनी दाखवायचं, चुकवायचं नाही. माप पुन्हा जूनमध्ये घेणार, तोवर हिरड्यांना भरून यायला वेळ द्यायचा. जाताना प्रतिभाने त्यांचे दोन्ही हात हातात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. दात माझे, आणि उपकार मात्र हिच्यावर झाल्यासारखे.

३० एप्रिल, गुरुवार

काल आखाजी झाली. आंब्याचा रस, सांजोऱ्या. उद्या सकाळी ललितराव जीप घेऊन येणार.

संध्याकाळी रोशनी सामान भरत होती, म्हणून सृष्टीला माझ्याकडे दिली. मी 'कुक' केलं. तिने नाक आक्रसलं नाही. माझा खालचा ओठ पकडला, ओढला, मग सगळी बोटं माझ्या तोंडात घातली आणि दात चाचपत बसली. एकेक दात, अगदी नीट. इतकं कसून इन्स्पेक्शन माझं कोणी केलं नव्हतं. मग माझ्या गालाला गाल लावून तिथेच झोपली. तिचा श्वास माझ्या नाकाशी आणि माझा तिच्या. मी हललो नाही. पाय मुंग्यांनी भरला तरी हललो नाही. प्रतिभा दारात उभी राहून पाहत होती, पदराने डोळे पुसत.

वेळ नोंदवायची राहिली. दहा मिनिटांच्या बरीच वर गेली, एवढं नक्की.

मिशीचा परिणाम दिसायला पन्नास दिवस लागले, पण दिसला. आता ती कधीही ठेवायची नाही, हे ठरवलं.

१४ मे, गुरुवार

घर सुनं झालंय. प्रतिभा म्हणते, मिशी वाढवा की परत, तुम्हाला शोभायची. मी म्हटलं, पोरगी रडेल. नाही रडणार, असं ती म्हणाली. इतक्या खात्रीने म्हणाली की मी वाद घातला नाही. वाढवतो.

२३ जून, मंगळवार

माप झालं. दोन, तीन, दोन, तीन, दोन. मागच्या दोन दाढांना अजून चार-पाच आहे, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. बाकी लॉट पास. आईला तक्ता दाखवला. तिने तो उलटा धरून बघितला आणि म्हणाली, माझे अकरा मोजायला किती वेळ घेईल ती?

२६ जुलै, रविवार

पंचमीसाठी रोशनी आली. जीपमधून उतरताच सृष्टीने मला पाहिलं आणि माझ्याकडे झेप घेतली. मिशी पूर्ण वाढलेली. चष्मा डोळ्यांवर. तिने मिशी धरून ओढली, तोंडाला तोंड लावलं आणि खिदळली.

मी खुश झालो, आणि मग डोक्यात काहीतरी अडकलं. मिशी परत आली आणि दोष परत आला नाही, म्हणजे मिशी हे मूळ कारण नव्हतं. चष्माही नाही. मग मार्च ते एप्रिलमध्ये बदललं काय? एकच गोष्ट, माझं तोंड. मी ही डायरी काढून पहिल्या पानापासून वाचली. डॉक्टरांचा रुमाल. रिकाम्या खुर्च्या. गोटीरामचे चार फूट. पंखा. वेलदोडे. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आणि मी त्याला धाक म्हणत होतो. कान तापले. बावीस वर्षं दुसऱ्यांचे दोष काढणारा माणूस, आणि अख्ख्या अंबडला माहीत असलेला दोष फक्त त्याला माहीत नव्हता.

स्वयंपाकघरात गेलो. प्रतिभा मेथी निवडत होती. मी एवढंच विचारलं, किती वर्षं?

तिने माझ्याकडे पाहिलं, हातातल्या डायरीकडे पाहिलं. काय विचारतोय ते तिला लगेच कळलं.

"मोजली नाहीत," ती म्हणाली.

 मी तिच्यासमोर पाटावर बसलो आणि मेथी निवडू लागलो. सांगायचं होतंस, म्हणालो. ती म्हणाली, दहादा ठरवलं, पण तुम्हाला लागलं असतं. बाहेर तुम्ही एवढ्या तोऱ्यात फिरता, घरात कोण बोलणार. म्हणून डब्यात वेलदोडे ठेवत होते. तेवढाच आधार.

तेव्हा खोटं बोलणं जमेना. वेलदोडे रोज गोटीरामला देत होतो, ते सांगून टाकलं.

 प्रतिभा हसायला लागली, ती थांबेचना. मेथी मांडीवरून सांडली, आई मशेरीचं बोट तोंडात तसंच धरून आत आली, रोशनी सृष्टीला घेऊन धावत आली. कोणालाच काही कळेना. मीही हसलो. मग थोडा रडलोही, आणि या वेळी इंजेक्शन नव्हतं.

उद्या डब्यात दोन वेलदोडे ठेव म्हटलंय. एक मी खाणार आहे.